‘दूध बंद करा’ : लांबलेल्या जुलाबाची एक केस

पार्श्वभूमी

आमचं ग्रामीण रुग्णालय पश्चिम महाराष्ट्रातल्या ऊसपट्ट्यात आहे. कारखान्यांचे धुराडे पेटले की ओपीडीच्या रांगेतली बोली बदलते. मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, फडाच्या कडेला कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, उभ्या राहतात, आणि पुढचे पाच-सहा महिने त्या घरांतल्या मुलांचं वजन, लसी, आजारपण आमच्याकडे येतं. कागद मात्र बहुतेकांचे गावाकडेच राहिलेले असतात.

ही मुलगी 13 महिन्यांची होती. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. आईबाप दोघंही तोडीला, म्हणजे मुकादमाच्या वहीत एक कोयता. आजी कोपीवर राहून मुलीला सांभाळायची. आई पहाटे जायची, दिवस कलल्यावर यायची. त्यामुळे अंगावरचं दूध रात्री आणि दिवसा बाटलीतून म्हशीचं दूध, त्यात बुडवलेलं बिस्किट. रोटाव्हायरसचा पहिला डोस गावात झाला होता, पुढचे दोन स्थलांतरात राहून गेले. पाणी टँकरचं, निळ्या पिंपात साठवलेलं.

जानेवारीत एका रात्री उलट्या आणि पाण्यासारखे जुलाब सुरू झाले, दिवसाला 10-12. दुसऱ्या दिवशी जवळच्या एका खासगी दवाखान्यात सलाईनची बाटली लावली, प्रतिजैविक आणि अमिबाविरुद्धचं असं दोन्ही असलेलं एक पातळ औषध दिलं. गावच्या आशाताईंनी कोपीवर जाऊन ओआरएसची पाकिटं आणि झिंकच्या 14 गोळ्या दिल्या. चौथ्या दिवसापर्यंत जुलाब निम्म्यावर आले, आणि आजीने झिंक थांबवलं. थांबलं तर गोळी कशाला, हा हिशेब आजीचा एकटीचा नाही, अर्ध्या तालुक्याचा आहे.

त्याच दिवसांत ‘पोटाला आराम’ म्हणून मुलीला नुसती भाताची पेज आणि कोरा चहा चालू होता. सहाव्या दिवशी ती जरा हसली, म्हणून पुन्हा बाटलीभर म्हशीचं दूध. सातव्या दिवसापासून जुलाब परतले. या वेळचे वेगळे होते: फेसाळ, आंबूस वासाचे, आवाज करत होणारे, आणि बूड लालभडक सोललेलं.

नवव्या दिवशीची ओपीडी

इथून पुढची चूक माझी आहे, म्हणून ती सविस्तर लिहिते.

सोमवार होता, बाजाराचा दिवस. दीडशेच्या वर केसपेपर. आजी मुलीला घेऊन आली, आई फडात. वजन 7.1 किलो. दंडाचा घेर 12.2 सेंटिमीटर, म्हणजे मध्यम कुपोषणाच्या पट्ट्यात. मुलगी चिडचिडी होती पण पाणी पीत होती, त्वचा चिमटीत धरली तर लगेच सरळ होत होती. सोललेलं बूड आणि आंबूस वास यांवरून निदान डोळ्यांसमोर होतं: जुलाबाने आतड्याचं अस्तर खरवडलं गेलंय, दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज तात्पुरतं गेलंय, आणि वरचं दूध पुन्हा चालू केल्यामुळे जुलाब लांबतायत.

निदान बरोबर होतं. मी आजीला सांगितलं, ‘‘आजी, दूध बंद करा. ओआरएस द्या, झिंक परत चालू करा. नाही थांबलं तर या.’’ केसपेपरवर तेच लिहिलं आणि पुढचं नाव पुकारलं.

कोणतं दूध बंद, ते सांगितलं नाही. त्याऐवजी काय द्यायचं, तेही नाही. ‘नाही थांबलं तर’ याला तारीख दिली नाही. तीन वाक्यांत तीन भोकं राहिली.

सोळावा दिवस

सात दिवसांनी आई, बाप, आजी तिघंही आले. मुलगी आईच्या खांद्यावर मान टाकून. वजन 6.6, दंडाचा घेर 11.6. तीव्र कुपोषणाची रेषा 11.5 ला आहे; ती तिच्या काठावर उभी होती. डोळे आत गेलेले, तोंड कोरडं, पण पाण्याची वाटी दिसली की हात पुढे करत होती. दिवसाला आठ-नऊ जुलाब. 14 दिवस उलटले की आमच्या पुस्तकात जुलाबाचं नावच बदलतं, तो ‘चिवट’ अतिसार होतो, आणि धोकाही वेगळा होतो: इथे मूल एका रात्रीत पाणी कमी होऊन नाही, हळूहळू झिजून आणि त्यात एखादा संसर्ग होऊन जातं.

मी विचारलं, अंगावर पाजताय ना? आई खाली बघत राहिली. आजी म्हणाली, ‘‘तुम्हीच तर म्हणले व्हते ना बाई, दूध बंद करा. मंग अंगावरचं बी बंद केलं. लई रडली रात्री, पण नाही पाजू दिलं.’’

केसपेपर समोरच होता. माझ्याच अक्षरात, ‘दूध बंद’.

सात दिवस मुलीच्या पोटात पेज, साखरपाणी, कोरा चहा आणि अधूनमधून एखादं बिस्किट, एवढंच गेलं होतं.

आतड्यात काय चाललं होतं

पुढचे निर्णय ज्यावर उभे राहिले, ते आधी सांगायला हवं.

लहान आतड्याचं अस्तर म्हणजे एकाच पेशीच्या जाडीची भिंत. तिच्या एका अंगाला अन्न, पाणी, जिवाणू. दुसऱ्या अंगाला रक्त. ही भिंत सपाट नसते. तिला बोटांसारखे असंख्य उंचवटे असतात, त्यांना व्हिलाय म्हणतात, आणि दोन उंचवट्यांच्या मध्ये खोल खळगे, म्हणजे क्रिप्ट. खळग्याच्या तळाशी मूलपेशी असतात. त्या सतत विभागतात, नव्या पेशी मागच्या रेट्याने वर सरकतात, चढता चढता पक्व होतात, आणि टोकाशी पोचल्या की गळून पडतात. हा प्रवास तीन ते पाच दिवसांचा. म्हणजे आज वाचणाऱ्याच्या आतड्याचं बहुतेक अस्तर आठवड्यापूर्वी नव्हतंच. पेशी सुटून निघते त्या क्षणी तिथे भोक पडायला हवं, पण शेजारच्या पेशी जवळ सरकून ती फट आधीच मिटवतात.

1948 मध्ये चार्ल्स लेब्लाँ आणि स्टीव्हन्स यांनी माँट्रियलमध्ये उंदरांच्या आतड्यात हे अखंड नूतनीकरण दाखवून दिलं. ते करणारी नेमकी मूलपेशी ओळखायला 2007 साल उजाडलं. नेदरलँड्समधल्या हान्स क्लेव्हर्स यांच्या गटाने एलजीआर-5 ही तिची खूण शोधली. दोन वर्षांनी त्याच गटाने एकाच मूलपेशीपासून प्रयोगशाळेतल्या बशीत चिमुकलं आतडं वाढवलं, खळगे आणि उंचवटे असलेलं. ग्रामीण रुग्णालयात याचा उपयोग काय, असं वाटेल. मला उपयोग एवढाच: मुळं शाबूत असली तर वरचं सगळं परत येतं, आणि किती दिवसांत येतं तेही ठाऊक आहे.

रोटाव्हायरससारखा विषाणू उंचवट्यांवरच्या पक्व पेशींना धरतो. शेंडे गळतात, उंचवटे बुटके होतात, पण तळाच्या मूलपेशी वाचतात. (या मुलीला रोटाच होता का, ते तपासलेलं नाही, ऋतू आणि सुरुवात तशी होती.) घाईघाईने वर आलेल्या नव्या पेशी कोवळ्या असतात. लॅक्टेज फक्त पक्व पेशींवर असतं, त्यामुळे ते सगळ्यांत आधी जातं आणि सगळ्यांत शेवटी परततं. मधल्या काळात बाटलीभर दूध प्यायलं की त्यातली साखर न पचता मोठ्या आतड्यात उतरते. तिथले जिवाणू ती आंबवतात, आम्ल आणि वायू होतो, न पचलेली साखर पाणी ओढते. फेस, आंबूस वास, सोललेलं बूड, सगळं त्यातून.

भिंतीचं दुसरं काम राखणीचं. पेशी वरच्या कडेला एकमेकींना घट्ट शिवलेल्या असतात. त्यांच्यावर बुळबुळीत म्यूकसचा थर असतो. खळग्याच्या तळाशी मूलपेशींच्या शेजारी पॅनेथ पेशी बसलेल्या असतात. त्या जिवाणूनाशक प्रथिनं सोडतात आणि मूलपेशींना वाढीचे निरोपही देतात. मूल उपाशी राहिलं की मूलपेशींचं विभाजन मंदावतं, उंचवटे आणखी खुजे होतात, शिवण सैल पडते. जुलाबातून झिंक वाहून जातं, आणि झिंकविना नव्या पेशी नीट बनत नाहीत, शिवणही धरत नाही. म्हणून ती गोळी जुलाब थांबल्यावरही 14 दिवस पुरी करायची असते.

यातली सर्वांत महत्त्वाची आणि घरच्यांना पटायला सर्वांत अवघड गोष्ट अशी, की अस्तराच्या पेशी आपल्या पोषणाचा मोठा भाग समोरून जाणाऱ्या अन्नातून घेतात. ग्लुटामाइन हे अमिनो आम्ल त्यांचं आवडतं इंधन. पोट रिकामं ठेवून शिरेतून सलाईन दिलं की मुलाला पाणी मिळतं, भिंत उपाशीच राहते. ‘पोटाला आराम’ हा तिच्यासाठी उपास असतो.

हे मी आईला समजावत होते, घराच्या भिंतीचं प्लास्टर निघतं वगैरे उदाहरण देऊन. तिच्या चेहऱ्यावर काही उमटत नव्हतं. मग ‘वरचं गेलं तरी मूळ जिवंत आहे, तिथून परत फुटतं’ म्हटल्यावर ती एकदम म्हणाली, ‘‘म्हंजे खोडव्यावानी?’’

मला हे सुचायला हवं होतं. ऊस तोडला की बुडखा जमिनीत राहतो, त्यातून खोडवा फुटतो. कोवळ्या फुटव्यात साखर नसते, ती ऊस पक्व होताना भरते. आणि तोडीनंतर पाणी बंद केलं तर खोडवा वाळतो, हे तिला सांगावं लागलं नाही. पुढचे आठ दिवस वॉर्डात आमची सगळी बोलणी याच भाषेत झाली.

समोरचे पर्याय

बापाचं म्हणणं सरळ होतं. सलाईन लावा, दोन दिवसांत बरी करा, मुकादम थांबत नाही. त्याच्या म्हणण्याला वजन होतं: एक माणूस नसला की कोयता अर्धा होतो, खाडा दोघांचा पडतो, आणि उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, फिटायची राहते. पण मुलगी पीत होती, उलट्या नव्हत्या, आतडं पाणी घेऊ शकत होतं. ग्लुकोजच्या एका रेणूबरोबर सोडियमचे दोन आयन आत ओढणारा वाहक खरवडलेल्या आतड्यातही पुरेसा टिकून असतो, ओआरएस चालतं ते त्याच्यावर. 1971 मध्ये कॉलराच्या साथीत पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी सलाईन संपत आल्यावर पिंपातून मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजून मृत्यूचं प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या खाली आणलं होतं. सलाईन नाही, हे ठरलं.

वैद्यकीय महाविद्यालयात पाठवावं का, यावर मी जास्त वेळ घालवला. तिथे क्षार तपासता येतात, बालरोगतज्ज्ञ चोवीस तास असतात. पण घरचे तिथे गेले नसते. परत कोपीवर गेले असते, आणि तिसऱ्या दिवशी कुठल्या तरी दवाखान्यात सलाईन लागलं असतं. मुलगी शुद्धीत होती, ताप नव्हता, हातपाय गरम होते, रक्तातली साखर ठीक होती. ठेवून घेतलं, आणि कशावरून पाठवायचं ते आधीच लिहून ठेवलं: ताप किंवा थंड पडणं, पिणं बंद होणं, साखर उतरणं.

दुधाची साखर नसलेला सोयाचा डबा हा तिसरा पर्याय. शहरात असते तर कदाचित आधी हाच लिहिला असता. डबा महाग, संपल्यावर घरचे तो दुप्पट पाणी घालून पुरवतात, आणि पाणी त्या निळ्या पिंपातलं. शिवाय गरज पूर्ण दूधबंदीची नव्हती, कमी करण्याची होती.

प्रतिजैविकाचा प्रश्न मला अवघड गेला. शौचात रक्त नव्हतं, सूक्ष्मदर्शकाखाली काही सापडलं नाही, लघवी आणि कान स्वच्छ, छाती साफ. एक कोर्स आधीच होऊन गेला होता. पण भिंतीची शिवण सैल असलेल्या मुलात जिवाणू रक्तात शिरतात, आणि तीव्र कुपोषित मुलात ताप येण्याची वाट न बघता प्रतिजैविक देतात. ती रेषेच्या एक मिलिमीटर वर होती. मी दिलं नाही, दर चार तासांनी तापमान बघायला सांगितलं. निर्णय निभावला. बरोबर होता की नशीब होतं, यावर माझं अजून एकमत नाही, माझ्याशीच.

राहिला तो जागतिक आरोग्य संघटनेचा ‘पहिला आहार’: कमी दूध, तांदूळ, तेल, थोडी साखर. प्रत्येक 200 मिलीमध्ये 85 मिली दूध, 15 ग्रॅम तांदूळ, साडेतीन ग्रॅम तेल, 3 ग्रॅम साखर, बाकी पाणी. त्यावर जमलं नाही तरच दूध पूर्ण काढून अंड्याचा ‘दुसरा आहार’. आम्ही दुधाच्या जागी बराचसा भाग दह्याचा घेतला. दही लागताना जिवाणू काही साखर खाऊन टाकतात, आणि उरलेली पचवायला स्वतःचं लॅक्टेज घेऊन येतात. आजीला ‘दहीभात’ म्हटल्यावर पहिल्यांदा हायसं वाटलेलं दिसलं.

आणि अंगावरचं दूध पुन्हा सुरू. इथे हाताखालचा तरुण डॉक्टर अडला: आईच्या दुधात साखर साधारण 7 टक्के, म्हशीच्या दुधात 5, ते बंद करून हे चालू? शंका रास्त होती. पण बाळ ते थोडं थोडं घेतं, एका दमात बाटलीभर नाही. त्यातून भिंतीवर चिकटून राखण करणारी आयजीए प्रतिपिंडं मिळतात आणि पेशींना वाढायला लावणारे घटकही. चिवट जुलाबातही ते बहुतेक मुलांना सोसतं.

वॉर्डातले आठ दिवस

पहिलं काम पाणी भरून काढण्याचं. हिशेबाने 75 मिली प्रतिकिलो, म्हणजे अर्धा लिटर ओआरएस चार तासांत. कुपोषणाच्या काठावरच्या मुलाच्या हृदयावर तेवढा भार नको म्हणून आठ तासांत दिलं, वाटी-चमच्याने. संध्याकाळी वजन 6.8. हेच सुरुवातीचं खरं वजन धरलं. नाहीतर पाण्याचे 200 ग्रॅम आपण आपलं यश म्हणून मोजतो.

त्याच संध्याकाळी शौचाची साधी तपासणी केली. प्रयोगशाळेने पहिला अहवाल दिला, ‘साखर नाही’. नमुना बघायला गेले तर लंगोटावरून खरवडलेला घट्ट गाळ. साखर ज्या पाण्यात असते ते पाणी कापडाने कधीच पिऊन टाकलं होतं. मग मुलीखाली प्लॅस्टिकचा कागद अंथरला, सिस्टर बाजूला सिरिंज घेऊन बसल्या. दहा मिनिटांत पातळ नमुना मिळाला. बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात थेंब टाकून परीक्षानळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. निळ्याचं हिरवं, हिरव्याचं गढूळ पिवळं, आणि मग नारिंगी, म्हणजे साखर होती. लिटमससारखी आम्लपट्टी 5 दाखवत होती, म्हणजे शौच आम्ल होतं. पहिल्या अहवालावर थांबले असते तर निदान चुकलं म्हणून भलतीकडे गेले असते.

दिवसातून सात वेळा, दर खेपेला 120-130 मिली खाणं. पहिले दोन दिवस ती तोंड फिरवायची, एक खेप संपवायला पाऊण तास. जुलाब दिवसाला नऊच. आईचं दूध आटलेलं. दर दोन तासांनी छातीशी धरायचं, दूध येवो न येवो. त्यासाठी आईने दिवसाही थांबणं भाग होतं. बापाने भावकीतल्या एका पोराशी जोडी लावून अर्धा खाडा वाचवला. हे औषधाच्या चिठ्ठीवर येत नाही, पण हे झालं नसतं तर बाकीचं काहीच झालं नसतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी वजन 6.72. म्हणजे उतरलं. जुलाब आठ. बाप म्हणाला, ‘‘भात घालून हगवन थांबती का कुठं?’’ तरुण डॉक्टरने विचारलं, मॅडम, सोयाचा डबा मागवू का? खरं सांगायचं तर माझाही हात फोनकडे गेला होता.

मी थांबले ते दोन कारणांनी. एक, आधीच लिहून ठेवलं होतं: बेत फसला असं म्हणायचं ते दिवसाला 10 च्या वर पाण्यासारखे जुलाब होत राहिले तर, किंवा सात दिवसांत वजन वाढलं नाही तर. पहिले एक-दोन दिवस वजन उतरतं, तेही ठाऊक होतं. दुसरं कारण खोडव्याचं. खाणं सुरू होऊन पुरते तीन दिवसही झाले नव्हते. या खाण्यावर जन्मलेल्या पेशी अजून टोकाला पोचल्याच नव्हत्या. तिसऱ्या दिवसाचा जुलाब हा उपासाच्या आठवड्यात बनलेल्या अस्तराचा निकाल होता. तो पाहून आहार बदलायचा, मग नव्या आहाराचा निकाल पुन्हा 48 तासांत लावायचा; लांबलेल्या जुलाबाची मुलं अशीच एका डब्यावरून दुसऱ्या डब्यावर जाताना मी पाहिली आहेत.

त्या रात्री आईच्या छातीत दूध उतरलं. सिस्टरांनी सकाळी राउंडला आल्या आल्या तेच आधी सांगितलं, जुलाबांचा आकडा नंतर.

चौथ्या दिवशी वजन 6.74, जुलाब सात. पाचव्या दिवशी 6.80 आणि पाच. सहाव्याला 6.88, सातव्याला 6.95. ओळीने तीन दिवस वाढ दिसल्याशिवाय वाढ धरायची नाही असा नियम आहे, तो पुरा झाला. आम्लपट्टी आता 6 च्या पुढे होती. बुडाची सोललेली त्वचा खोबरेल आणि झिंकच्या मलमाने भरून आली. आठव्या दिवशी 7.02 किलोवर घरी सोडलं, जुलाब तीन, तेही घट्टसर. पूर्ण थांबलेले नव्हते. बापाने नेमकं त्यावरच बोट ठेवलं. मी त्याला वजनाचा कागद दाखवला.

निकाल

झिंकच्या उरलेल्या गोळ्या आईने ओढणीच्या गाठीत बांधून नेल्या आणि पुऱ्या केल्या; एक एक गोळी चमचाभर अंगावरच्या दुधात विरघळवून. आशाताईंनी 10 दिवसांनी कोपीवर वजन केलं, 7.4. मध्ये एकदा दोन दिवस पातळ झालं होतं, पण या वेळी आजीने दहीभात चालूच ठेवला आणि ओआरएस दिलं. बाटली मात्र परत आली होती, ती आशाताईंनी सोबत नेली. महिन्याभराने वाटीने थोडं थोडं म्हशीचं दूध सुरू केलं, ते सोसलं. लॅक्टेज परतलं होतं.

आज पुन्हा तीच केस आली तर

नवव्या दिवशी मी ‘दूध बंद’ म्हणणार नाही. ‘अंगावरचं चालू, जास्त वेळा. बाटली बंद. वरचं दूध दही लावून, भातात कालवून.’ आणि आजीकडून ते परत वदवून घेईन: घरी जाऊन काय देणार, सांगा बरं. याला एक मिनिट लागतं. सोमवारच्या ओपीडीतही ते मिनिट मिळतं, हे मी नंतर घड्याळ लावून बघितलं. पहिल्याच आठवड्यात एका दुसऱ्या आजीने उत्तर दिलं, ‘‘काय देणार, तुम्ही सांगाल ते,’’ आणि कळलं की आपण अजून काहीच सांगितलेलं नाही.

मध्यम कुपोषणाच्या पट्ट्यातलं मूल नऊ दिवस जुलाब घेऊन आलं तर ‘नाही थांबलं तर या’ नाही, तिसऱ्या दिवशी वजनाला या. 7.1 वरून ती घसरतेय हे मला 6.9 ला दिसलं असतं, 6.6 ला नाही.

आशाताईंना दोष देणार नाही, पण 14 गोळ्या देताना ‘थांबलं तरी 14’ हे आता आम्ही पाकिटावर आकड्यात लिहून देतो. शौचाचा नमुना प्लॅस्टिकवरूनच घ्यायचा, अशी चिठ्ठी प्रयोगशाळेच्या खिडकीवर लावली आहे. तीही निम्मीच वाचली जाते.

एक गोष्ट तेव्हाही राहिली. एप्रिलमध्ये कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, आणि टोळी गावाकडे परतली. जाण्याआधी आई मुलीला दाखवून गेली, 7.9 किलो. त्या वयाच्या मुलीला अजूनही कमीच. गावातल्या अंगणवाडीसाठी मी चिठ्ठी लिहून दिली. फोन नंबर मागून घ्यायला हवा होता, तो घेतला नाही. त्यापुढचं तिचं वजन माझ्याकडे नाही.